गोळी, बीपी आणि माझा भागाकार

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी
आजपासनं मी डाक्टरांच्या अभ्यासात. साताऱ्याच्या राजनंदिनी म्याडमनी सगळ्या गावातनं मलाच निवडली. (बाकीच्या खुरपायला गेल्या होत्या. ते सोडा.) पाळणा लांबवायची गोळी घेणाऱ्या बायांना बीपी जास्त होतं का, ते काढायचं. साठ बाया. मी विचारायचं, घेते का न्हाई. मशीन म्याडम लावणार. मग घेणाऱ्या शंभरात किती आजारी, न घेणाऱ्या शंभरात किती, आन् भागायचं. एक आला तर गोळी निर्दोष. दोन आला तर धोका दुप्पट. चौथी शिकले, पण भागाकार पक्का हाय.

उत्तर मला आधीच ठावं हाय. गोळी वाईट.

सून सोनिया म्हणती, एक पोरगी बास, आता तीन वर्सं गोळी घेणार. म्हटलं, माझ्या घरात न्हाई. तर म्हणाली, आत्या, तुमचं गणित सांगंल ते दोघींना मान्य? म्हटलं, मान्य. बिरोबाची आण.

५ फेब्रुवारी
म्याडम म्हणाल्या, घरोघर जा, एकेकीला बाजूला घेऊन विचारा. तसं करत बसले तर शिमगा उजाडंल. गिरणीवर दळणाच्या लायनीत एकदमच विचारून टाकलं. सासवा होत्याच, म्हणजे खोटं बोलायची सोय न्हाई. ज्यांचे मालक मुंबईला, त्यांना विचारलंच न्हाई. सरळ 'घेत न्हाई'. मालक तिकडं, तर गोळी कशाला? एका दिवसात साठ!

८ फेब्रुवारी. दुपारी
मशीन लावून झालं. घेणाऱ्या पाच, तिघींना बीपी. न घेणाऱ्या पंचावन्न, अकरा जणींना. शंभरात साठ भागिले शंभरात वीस. तीन. तिप्पट!! सोनियाला ऐकवलं. भाकरी थापत हसली. हसू दे. टँकरपाशी सगळ्या बायांना सांगितलं. कुणी काय बोललं न्हाई. पटलं असणार.

११ फेब्रुवारी
म्याडम म्हणाल्या, हरणाबाई, घेणाऱ्या फक्त पाच? मग दवाखान्यातनं महिन्याला तीस पाकिटं जातात, ती कोण खातं? म्हटलं, शेरडं खात असतील. त्यांना हसू आलं न्हाई. आता शाळेच्या खोलीत दार लावून त्या स्वतः विचारणार. विचारू दे. दार लावल्यानं आकडा बदलत न्हाई.

१४ फेब्रुवारी
आकडा बदलला. घेणाऱ्या तीस, सात जणींना बीपी. न घेणाऱ्या तीस, त्यांतबी सात. एक. पुन्हा भागलं. एकच.

शेजारची शिवांजली बोलता बोलता म्हणाली, मी बी घेते. मालक मुंबईला, तरी ही घेणाऱ्यांत! झापली. तर म्हणाली, आवं आत्या, मालक जत्रंला येतोच की. आल्यावर गोळी आणायला दहिवडीला पळू का? मग लायनीत गप का होतीस? तर म्हणे, पुढं सासू, मागं चुलतसासू.

म्याडम म्हणाल्या, साठ बायांवर कायमचा निकाल लागत न्हाई, अजून गावं बाकी हायत. मी तेच म्हणत होते.

सोनियानं आपणहून सांगितलं, आत्या, त्या तीस जणींत मी बी. दीड वर्स झालं. बीपी चांगलं हाय माझं.

जेवले न्हाई. भूक नव्हती, दुसरं काय न्हाई.

१७ फेब्रुवारी, सोमवार
शेजारच्या गावाची वही म्याडमनी सोनियाकडं दिली. बाया तिच्याशी बोलतात म्हणे. मला त्याहून मोठं काम. दाराबाहेर बसून सासवांना लांब ठेवायचं. असलं काम कुणालाबी देत न्हाईत. सकाळपासनं चौघींना हाकलून लिंबाखाली बसवलं.

आतलं नीट ऐकू येईना म्हणून दाराला जरा टेकले. सोनियानं दार उघडलं. म्हणाली, आत्या, तुमी बी लिंबाखाली.

गेले. चौघींनी सरकून जागा दिली.