तुपाची पेढी आणि माझा खोकला

१२ सप्टेंबर १९६७, जळगाव
सोडलं! जैन स्थानकात महाराजसाहेबांपुढे नेम घेतला — आजपासून तुपाच्या पेढीवर पाय ठेवणार नाही, धंद्याचा एक शब्द तोंडातून काढणार नाही. गादी अभयकुमारची. पाया पडला पोरगा. अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालाय, पण डबा हुंगताना अजून डोळे मिटतो! तूप विकायला आलेली खेड्यातली माणसं थांबतात होय तेवढा वेळ?

जाऊ दे. मन हलकं झालं.

१३ सप्टेंबर
पेढीसमोर चहावाल्याचा बाक आहे. तिथे बसलो. बाक म्हणजे काही पेढी नव्हे.

१५ सप्टेंबर
चोपड्याचा तोताराम डबा विकायला आला. याचं तूप मी वीस वर्षं ओळखतो — वर चार बोटं तूप, खाली उकडलेलं रताळं! आणि अभय त्याला म्हणतोय, "या, बसा!" नेम आहे, बोलता येईना. जीव नुसता खाली-वर. शेवटी खोकलो. दोनदा. अभयने माझ्याकडे पाहिलं आणि डबा परत केला.

खोकला म्हणजे काही शब्द नव्हे.

१९ सप्टेंबर
आता पद्धतच बसली. एकदा खोकलो — घे. दोनदा — नको. खेड्यांतली माणसं डबा ठेवतात आणि आधी माझ्याकडे बघतात. रस्त्यापलीकडून वास येत नाही, कबूल. पण माणूस दिसतो की!

मोहनबाई म्हणते, "अहो, नेम दुकानाचा घेतलात की घशाचा?" तीस वर्षं संसार केला, हिला व्रताची कदर नाही.

२५ सप्टेंबर
अभयने घरी डॉक्टर आणला! खोकला नाही म्हणावं, तर मग खोकता कशाला ते सांगा. म्हणजे आलंच धंद्याचं बोलणं. मुकाट्याने कडू औषध प्यालो. वर डॉक्टर म्हणतो, धुळ्याला जा, छातीचा फोटो काढा, चार दिवस लेकीकडे आराम करा. चार दिवस! बुडाली पेढी.

२८ सप्टेंबर, धुळे
छाती स्वच्छ. तारादेवीने बापासाठी लापशी केली, घास उतरेना. तिकडे रताळी आत चालली असतील!

१ ऑक्टोबर, जळगाव
अरे देवा! एस.टी.तून उतरून थेट बाकाकडे गेलो. बाकावर कोण? आमचा म्हातारा हमाल लोटन! डोक्यावर माझी काळी टोपी! आणि खोकतोय!

"कोणाच्या हुकमावरून रे?" हे धंद्याचं बोलणं झालं का? झालं असेल. उद्या उपास करीन.

लोटन म्हणे, "शेठ कान खाजाडतस, तवय मी खोकस. एकदा खाजाडा तं एकदा, दोनदा तं दोनदा. त्यामा काय शे, आबा?"

शेठ! परवापर्यंत शेठ मी होतो. आता तो शेठ, मी आबा! आणि ठरवतो अभय, खोकतो लोटन — मग मी कोण? टोपी हिसकावून घेतली. फार लागलं मनाला. जेवणारच नव्हतो. पण मोहनबाईने खिचडीवर तूप वाढलं — या चार दिवसांत पेढीवर घेतलेलं. रवाळ, पिवळंधमक. वास तर असा! वाटी पुन्हा पुढे केली.

३ ऑक्टोबर
तोताराम पुन्हा आला. मी मुद्दाम एकदाच खोकलो — घे! बघू तर खरं.

अभयने डब्यात तळापर्यंत सळई घातली. हुंगली. डोळे मिटले. उघडले. मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "मामा, मी घेतलं असतं हो. पण काय करू, बापूजी नाही म्हणतात."

तोताराम तिथूनच ओरडला, "आबा, मन्हावर इतला राग का शे?"

अभय माझ्याकडे बघत होता.

मी आणखी एकदा खोकलो.