चिनाराला बांधलेलं सूत

लोणावळे,
श्रावण शुद्ध षष्ठी

प्रिय अंबू,

तुझं पत्र काल नागपंचमीला पोचलं. तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, काश्मीर कसं होतं, ते पाण्यातलं शहर खरंच चित्रातल्यासारखं आहे का. आणि दुसरी, तुला जे स्थळ सांगून आलंय त्याला हो म्हणावं का. रेल्वेतली कायमची नोकरी, वय जरा जास्त, पहिली बायको आहे पण तिला मूल नाही, आणि तिची राजीखुशीनं संमती आहे. नाव विचारलं तर तुझे अण्णा म्हणतात, “सुपारी फुटल्यावर कळंल की! नावाशी लगीन करायचं हाय व्हय तुला?” रविवारी सुपारी फुटायची, त्याआधी ‘आक्का, तू सांगशील ते मी करीन,’ असं तू लिहिलंस. बाळ, तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. पण ते एका ओळीत लिहायला हात धजत नाही, म्हणून आधी शहराचं सांगते.

चौदा वर्षांत यांनी मला कुठं नेलं नव्हतं. कार्ल्याच्या एकवीरेलासुद्धा मी गेले ती सासूबाईंबरोबर. आणि या ज्येष्ठात एकाएकी हे मालधक्क्यावरून घरी आले ते दोन पास घेऊन. म्हणाले, “चल, तुला काश्मीर दाखवतो.” मी आधी खर्चच विचारला, तुला माझा स्वभाव ठाऊकच आहे. तर म्हणाले, गाडीभाडं नाही, चार दिवस तर राहायचं, आणि तिथं देवीचं जागृत ठाणं आहे, मुलासाठी पूजा करू. मग मी बोचकं बांधायला घेतलं. शेजारच्या धोंडाबाईनं साऱ्या चाळीत बातमी फिरवली. “सरूबाई, तितं मडमा जात्यात हवा खायाला. येताना तुमी बी टोपी घालून येनार का काय?” मी हसले. खरंच हसले गं, रात्रभर दशम्या भाजताना सुद्धा हसत होते. मला वाटलं, उशिरा का होईना, माणसाला बायकोची आठवण झाली.

पंजाब मेलनं रावळपिंडी, तिथून डोंगर चढत मोटार. श्रीनगरला पोचलो तर खरोखर पाण्यातलंच गाव. नदी तर आहेच, पण शहराच्या पोटातून एक जुना कालवा जातो, नाला मार म्हणतात त्याला; कुण्या सुलतानानं शेकडो वर्षांपूर्वी खणलेला. दोन्ही बाजूंना लाकडाची आणि विटांची उंच घरं, इतकी पाण्यावर झुकलेली की वरच्या सज्जातल्या बायका समोरासमोर बोलत भाजी निवडतात. छपरांवर माती घातलेली आणि त्या मातीत गवत, फुलं. दगडी पूल आले की नावेत मान खाली घालायची. भाजीवाला होडीतून येतो, बायका पायरीवर भांडी घासतात, आणि तेच पाणी वरच्या घरात जातं. वास येतोच, खोटं कशाला लिहू? पण सकाळच्या उन्हात ते सगळं असं हलत असतं की आपली इंद्रायणी आठवून मला रडू आलं. हे माझ्याशी इतकं गोड बोलत होते. कधी नव्हे ते माझी शाल सारखी केली. नावाड्याची बायको जैनब नावेतच राहायची, चूल, पाळणा सगळं तिथंच. तिनं मला खुणेनं विचारलं, बच्चा? मी मान हलवली तर तिनं आपलं तान्हं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. ते बाळ माझं बोट धरून झोपलं. यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “बघ, घरात असं एक पाहिजे की नाही?” मी म्हटलं, पाहिजे. कुठली बाई नको म्हणेल, अंबू? माझं तेवढं एक ‘पाहिजे’ त्यांनी जपून घरी आणलं.

वटपौर्णिमा तिथंच आली. मी सूत, हळदकुंकू घरूनच नेलं होतं, पण त्या मुलखात वड नाही. त्याच दिवशी देवीला गेलो, नावेतून बराच लांब. मोठाले चिनार आणि मधे झऱ्याचं कुंड. कुंडाचं पाणी रंग बदलतं. काही वाईट व्हायचं असलं की काळं पडतं, अशी ख्याती. मी म्हटलं, आता वड कुठून आणू? हे म्हणाले, “झाड ते झाड. देवाला सगळं चालतं.” म्हणून मी चिनाराला सूत गुंडाळलं, उपाशीपोटी फेऱ्या घातल्या आणि सात जन्म हाच नवरा मागितला. जैनब नावेतून बघत होती. नावाड्यानं तिला काय समजावलं कोण जाणे, दोघं तोंडावर हात धरून हसली.

मग कुंडाच्या काठावर पूजा. हे त्या पुजाऱ्याशी बाजूला बराच वेळ बोलून आले. मी उजव्या बाजूला बसले. पुजारी म्हणाला, “माताजी, हाथ लगाओ.” आपल्याकडेही तसंच ना, नवरा पळीनं पाणी सोडतो तेव्हा बायकोनं त्याच्या हाताला हात लावायचा, म्हणजे त्याच्या कर्मात तिचा वाटा. मी हात लावला. संकल्प सुरू झाला. तुला आठवतं, बाबांनी मॅट्रिकला मला संस्कृत घ्यायला लावलं तेव्हा आत्या म्हणाली होती, “पोरीला भटजी करायची हाय व्हय, मास्तर?” बाबांचं ते संस्कृत यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. चौदा वर्षं मी घरात दूध-कोळशाचा हिशेब लिहिते, तेवढंच माझं शिक्षण असं त्यांना वाटत आलं. गोत्र झालं, नाव झालं, आणि मग पुत्रप्राप्तीसाठी ‘द्वितीय विवाह’ सिद्धीस जावा, असं तो स्वच्छ आवाजात म्हणाला. मी हात काढून घेतला. पुजारी थांबला, माझ्याकडे बघितलं. हे त्याला म्हणाले, “चलने दो, पंडितजी.” आणि पाणी सोडलं. मी कुंडात बघत राहिले. पाणी दुधासारखं पांढरंशुभ्र होतं, जरासुद्धा काळं पडलं नाही. देवीला दोष देऊ नये, पण त्या दिवसापासून माझ्या तोंडी तिचं नाव यायला वेळ लागतो.

परतताना नावेत यांनी मला समजावलं. तुझं स्थान तुझंच राहील. किल्ल्या तुझ्याच कमरेला. मुलगीही तुझ्या ओळखीतलीच बघू, म्हणजे तुला जड जाणार नाही. मी पाण्याकडे तोंड फिरवलं. जैनबनं मला त्यांचा तो मिठाचा गुलाबी चहा दिला. तोवर मी तिच्या हातचं पाणीही घेतलं नव्हतं. त्या दिवशी प्यायले. त्या नावेत मला काय झालं हे विचारणारी ती एकटीच होती, आणि तिला माझी भाषा येत नव्हती.

घरी आल्यावर गप्पच राहिले. वाटलं, शोधतील, कोणी देणार नाही, विषय मिटेल. काल तुझं पत्र वाचलं आणि सासूबाईंना विचारलं, त्या नागोबाच्या पाटाशी लाह्या वेचत होत्या. वरही न बघता म्हणाल्या, “व्हय, तुजीच भन हाय ती. परकी आनली आसती तर तुला भाकर तरी दिली आसती का तिनं?” जणू माझ्यावर उपकारच केले. तुझ्या अण्णांना यांनी सांगितलंय, की सरूनं देवीपुढं, तीर्थावर, माझ्या हाताला हात लावून रुकार दिला. अर्ध्या संकल्पापर्यंत हात होता, ते खरं आहे. पुढचं कोण सांगणार? पुजारी काश्मिरात.

हे पत्र टपालानं धाडत नाही, अण्णा उघडतील. धोंडाबाई उद्या मळवलीला उतरून तुमच्या भाजे गावावरूनच पुढं जाणार आहे, ती तुझ्याच हाती देईल. तुझी आई गेल्यावर तू आमच्याकडे आलीस तेव्हा तुझा हात धरून मी पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं, म्हणून तुझ्या-माझ्यात आडपडदा ठेवत नाही. तू हो म्हणालीस तर उंबऱ्यावर तुझ्यावरून भाकरतुकडा ओवाळायला मलाच उभी करतील, आणि मी ओवाळीन. तुझा काय गुन्हा? पण मी राजी होते असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे, हे तुला ठाऊक असू दे. त्या स्थळानं तुलाही ते पाण्यातलं शहर दाखवायचं कबूल केलंय, असं तू मोठ्या हौसेनं लिहिलंस. जाशील तर तिथं तो चिनार बघ, सूत अजून असेल. वड नव्हता तो. देवानं त्या फेऱ्या जमेला धरल्या नसाव्यात, एवढंच मी आता मागते. आजवर नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय घेतलं नाही. आज तुझ्यासाठी घेते, कारण दुसरं कोणी तुला ते सांगणार नाही. तुला सांगून आलेल्या स्थळाचं नाव रखमाजी कोंडाजी गराडे, राहणार लोणावळे.

तुझीच,
सरूआक्का