नाकाजवळचं गोंदण

झरी,
६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मनोरमा हिस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. भात कापून झालं, झोडणी बाकी आहे. माझा भाऊ रेल्वेतून निवृत्त झाला की पायांतूनही, एवढं तुझ्या नवऱ्याला विचार. बहिणीकडची नागली वाट बघतेय म्हणावं.

पत्र मुद्दाम लिहिते. धनेशचा फोन कायम स्पीकरवर, आणि माझ्या लेकाला हे एवढ्यात कळायला नको. वलसाडच्या डॉक्टरांनी माझ्या नाकाजवळचा तुकडा काढून तपासला. आम्ही सगळे म्हणत होतो गोंदण सुजलंय, मी खोबरेल लावत बसले. तो निघाला कातडीचा कॅन्सर. सौम्य जातीचा आहे म्हणे, पण कापायलाच हवा. कापला की गोंदणाचा ठिपकाही जाणार.

मी नाही म्हणून आले. कारण सांगते, हसू नकोस. माणूस गेलं की अंगावरचं सोनं उतरवून घेतात, गोंदण तेवढं बरोबर जातं. नवीन लग्न झालेलं असताना महालक्ष्मीच्या जत्रेत मी हरवले होते, तेव्हा यांनी मला त्या ठिपक्यावरून शोधून काढलं. हे तर केव्हाच पुढे गेले. उद्या मी वर गेले आणि ठिपकाच नसला, तर ओळखणार कसे? मला मरणाची भीती नाही गं, याची आहे.

माया राहू दे.
तुझी वन्सं

डहाणू,
११ नोव्हेंबर २०२४

ती. वन्सं यांस, मनोरमाचा शि. सा. न. वि. वि.

हसले नाही. मिरच्या भाजत होते म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं यांना सांगितलं. खरं तर रडले.

वर काय होतं ते मला माहीत नाही. जन्मभर शाळेत शिकवलं, पण तो धडा कुठल्याच इयत्तेला नव्हता. एक मात्र विचारते. गोंदण कधी वाढतं का? तुमच्या हातावरची तुळस माझ्या लग्नात होती तेवढीच आहे. नाकाजवळचं मात्र वाटाण्याएवढं झालं, तोंड धुताना रक्त येतं. भाऊजींनी पाहिलेला ठिपका तो हा नव्हेच. मी डॉक्टरांशी बोलले. हा हळूहळू वाढतो, सहसा लांब पसरत नाही, पण ठेवला तर नाक पोखरत डोळ्यापर्यंत जातो. नाकच नसलेल्या बाईला भाऊजी ओळखतील का, सांगा बघू!

धनेशला मी सांगितलंय. खुशाल रागवा. शुक्रवारी मी आणि हे गाडी घेऊन येतोय, तयार राहा. तुमच्यावाचून आमचं इथे चालत नाही, हे एकदा स्पष्टच लिहिते.

राग आला तरी लोभ कमी करू नये.
आपली, मनोरमा

डहाणू,
१२ डिसेंबर २०२४

ती. वन्सं यांस, शि. सा. न. वि. वि.

काल यांनी ऑपरेशनचा रिपोर्ट आणला. कापलेल्या तुकड्याच्या कडा सगळ्या बाजूंनी स्वच्छ आहेत, म्हणजे तो पुरता निघाला. डॉक्टर म्हणाले, माजींना सांगा, कंई वांधो नथी, काळजीचं काही नाही. उन्हात डोकं-तोंड झाकायचं, सहा महिन्यांनी दाखवायचं, कारण एकदा झालेल्याला दुसरीकडे नवा होऊ शकतो. व्रणावर पुन्हा गोंदवायचं नाही, हेही बजावलंय.

टाके निघाले तरी तुम्ही आरशावर टॉवेल टाकून ठेवलाय, असं धनेश सांगतो. अहो, गालाची कातडी सरकवून अशी सुबक शिवलीय की मी शिवलेल्या ब्लाउजांनी लाजावं. एकदा बघा तरी.

यांची रेल्वेची टोपी सोबत पाठवते. लोभ आहेच, टोपीसकट स्वीकारावा.
आपली, मनोरमा

झरी,
२० डिसेंबर २०२४

चि. सौ. मनोरमा हिस अनेक आशीर्वाद.

टॉवेल काढला. नाकापासून गालावर लाल रेघ आहे, हसताना ओठ जरा ओढतो. ठिपका नाही. पोटभर रडले आणि मग चुलीवर भात ठेवला. श्यामकांतची टोपी घालून खळ्यावर जाते, तर बाया मला साहेब म्हणतात. तुझ्या ब्लाउजांबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे.

आज यांच्या फोटोला हार घालताना सांगून टाकलं. म्हटलं, ठिपका शोधत बसू नका, तो आता नाही. नावाने हाक मारा. उभ्या संसारात एकदाही मारली नाहीत, सगळा जन्म 'अगं' आणि 'धनेशची आई' यांतच गेला. नावाने हाक आली की मी ओळखीन तुम्हाला. पण घाई करू नका, जूनमध्ये मला तपासायला जायचंय.

तुमचा दोघांचा जीव माझ्यावर असाच असू दे.
तुझी, जयवंती