जावयाचं वाण

मोनिकाच्या बाबांना आशाचा नमस्कार.

फोनवर तुम्ही मधीच बोलता, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. आम्ही दोघी धड आहोत. बीपीची गोळी घेता ना?

काल मोनिकानं तिचं प्राग शहर दाखवलं. जुनं घड्याळ, नदीवरचा पूल, लई गर्दी. ऊन आपल्या लासूरसारखंच, तरी मोनिकानं गळ्यापर्यंत बटणं लावलेली. धोंड्याचा महिना, म्हणून जावयाला वाण द्यायला पितळी दिवा घेतला. चांगला दोन किलोचा.

दुकानाबाहेर जावईबापू आले. फोन का उचलला नाय म्हणून भर चौकात पोरीला कानाखाली मारली, गचांडी धरली. बटणं तुटली. गळ्यावर आधीचीच पाच बोटं होती, निळी पडलेली.

दिवा माझ्या हातातच होता. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. दोन दात पडले, रक्त माझ्या लुगड्यावर उडालं. वाण पोचलं, पाय धुवायचे तेवढे राहिले.

पोलिसांनी मोनिकाच्या गळ्याचे फोटो काढले. माझाही जबाब घेतला. मला गावाकडं परत सोडतात का, ते सोमवारी कळंल. इथं आणलेले तेहतीस अनारसे आम्ही दोघींनीच खाल्ले.

तिची खोली झाडून ठेवा. दिवाळीत तुम्ही तिला म्हणाला होता, जरा सोसून घे. मीबी मान हलवली होती.

आता तसं बोलू नका. तीस वर्षं तुमचा मार खाल्ला, उलटा हात कधी उचलला नाय. उचलता येतो, हे काल कळलं.

तुमची,
आशा