दादाने मोडलेलं टोक

दशरथदादा,

भात कुकरमध्ये आहे.

रंगाचा डबा उघडायला तू माझा बारीक स्क्रूड्रायव्हर घेतलास, टोक मोडलंस आणि वर म्हणालास, "नाटकं नको करू मालन, कुठलाही चालतो."

आज नवा सेट आणला. तुझ्या ट्रान्झिस्टरचे आतले-बाहेरचे सगळे स्क्रू काढून दुकानात नेले आणि एकेक टोक खाचेत बसवून बघितलं. ज्याचं एकही टोक डुगडुगलं नाही, तोच सेट घेतला.

ट्रान्झिस्टर टेबलावर खोललेला आहे. स्क्रू वाटीत आहेत, एकही हरवला नाही. सेट घेऊन मी वाकोल्याला प्रेमामावशीकडे चाललेय, उद्या येईन.

दोन वाजता तुझी गँग मॅच ऐकायला येईल, त्याआधी जोडून टाक. वाटीशेजारी भाजीची सुरी ठेवलीय. कुठलाही चालतो ना?

मालन