अकरा माणसं आणि दहा जॅकेटं

ती. स्व. महिपतीदाजी, मु. लोणी भापकर, यांना उजनीच्या काठावरून जोतीरामचा दंडवत. अक्काचे गुडघे आता जिना चढू देतात का? तुमचा खोकला थांबला असेल तर कळवा, थांबला नसेल तर विडी थांबवा.

बोटीची हकीकत तुमच्या कानावर उलटसुलट आली असणार, म्हणून मीच लिहितो. रोहित पक्षी दाखवायला मी आणि बिरदेवनं मिळून मोटारबोट घेतली, तेव्हा वाटलं पाण्यात सोडली की झालं. पण आधी नोंदणी, मग तपासणी, मग चालवायचा परवाना. अर्जात विचारलं होतं, ‘बोटीचे बंदर कोणते?’ (इंदापूर तालुक्यात बंदर! मी लिहिलं, ‘वरकुट्याच्या खाली, बाभळीजवळ.’ अर्ज परत आला.) नंबर रंगवायला ट्रॉलीवर नावं काढणारा पेंटर आणला, तर त्यानं नंबराखाली सवयीनं ‘हॉर्न द्या’ लिहिलं. ते खरवडण्यात एक दिवस गेला.

तपासणीच्या साहेबानं आठ प्रवासी आणि आम्ही दोघं एवढीच मंजुरी दिली, दहा जॅकेटं मोजून घेतली. बिरदेवच्या पोटाला पट्टा पुरेना. साहेबानं गुडघा लावून आवळला आणि म्हणाला, “आता बुडलास तरी वर येशील.” आम्ही तिघंही हसलो.

गेल्या रविवारी पुण्याची मंडळी आली. दुपारी करमाळ्याच्या अंगानं वारं उठलं. बिरदेव म्हणाला, “जोतीदादा, पाणी बरं दिसत न्हाय. माघारी फिरू.” मी म्हटलं, “लांबून आल्यात माणसं. पाचच मिंटं.” तेवढ्यात थवा उडाला, फोटोसाठी सगळे एका अंगाला सरकले आणि बोट कुशीवर झाली. आसपासच्या मासेमारांनी सगळ्यांना ओढून काढलं. बिरदेव तेवढा दुसऱ्या दिवशी सापडला. त्याच्या अंगावर जॅकेट नव्हतं. पट्टा काचतो म्हणून त्यानं काढून ठेवलं होतं, असं मी जबाबात सांगितलं. त्याच्या बायकोला, सारजालाही तेच सांगितलं. माझी कागदपत्रं चोख आहेत, त्यामुळं काळजी नसावी. अक्काला नमस्कार.

आपला,
जोतीराम

ता. क. बोटीत आठ प्रवासी नव्हते, नऊ होते. बोट सुटताना एक बाई धावत आली. मी म्हटलं, एकीनं काय होतंय. बिरदेवनं आपलं जॅकेट काढून तिला दिलं. माझं माझ्या अंगावर होतं. काल सारजा दारात बसलेल्या बायांना सांगत होती, “आमचं माणूसच बेफिकीर व्हतं, कुणाला बोल लावू?” मी तिथंच उभा होतो आणि मान हलवली. दाजी, गुरुवारी या. आधी तिच्याकडं जायचं आहे, मग जबाब बदलायला ठाण्यावर. बोलायचं ते मी बोलेन, तुम्ही फक्त बरोबर चला.

ता. क. दुसरं. हे अक्काला आधी सांगू नका. ती म्हणेल, जाऊ नको. आणि मी ऐकेन.