क्रमांक ३१७

कुरोसे, ता. १९ मे १९८८

चि. यासुहेईस,
अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, ह्यांचं झाड सापडलं. गेल्या वर्षीच्या वादळात ओसरीवरून कुंडीसकट घळीत गेलेली ह्यांची बुटकी सात्सुकी अझेलिया पुलाखालच्या कड्याच्या भेगेत रुजली आहे आणि चक्क फुलली आहे. ह्यांनी एकेचाळीस वर्षं तारा गुंडाळून तिच्या बुंध्याला दुहेरी पीळ दिला होता, तो मी पुलावरून ओळखला. हे गेल्याला दोन वर्षं झाली. ह्यांच्या हातचं तेवढंच उरलंय, ते मला घरी हवंय.

पण घळ राखीव, इथला खडासुद्धा हलवायचा नाही. वनखात्याच्या कचेरीतल्या लोकांनी तिला रानातली समजून मोजून टाकलं आणि शेजारी बिल्ला ठोकला, क्रमांक ३१७. मी रोज पुलावर जाऊन तिला रागावते. शेजारची मिनेको म्हणते, झाडाला कशाला बोलता? म्हटलं, न सांगता घर सोडणारीला काय ओवाळू?

गुडघ्याला जप. लोभ आहेच.
तुझी,
ताई

ओसाका, ता. २७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू कशालाही हात लावू नकोस. पस्तीस वर्षं नगरपालिकेत काढली आहेत मी. कागदापुढे कडाही वाकतो. कचेरीकडे अर्ज धाडला आहे. सोबत प्रदर्शनातला फोटो जोडला, दाजी कुंडी कडेवर घेऊन उभे आहेत तो. खाली माझा शिक्का तीनदा मारला. झाड घरचंच आहे हे आता कोणी नाकारू शकणार नाही.

आशीर्वाद असू द्यावा.
तुझा,
यासुहेई

कुरोसे, ता. ११ जून

चि. यासुहेईस,
आशीर्वाद देते, पण दात-ओठ खाऊन. काल तुझा अर्ज घेऊन कचेरीचे साहेब आले. फार सज्जन माणूस, चहाही घेतला. म्हणाले, घळीत रानातलं झाड असेल तर त्याच्या पानालाही कुणी हात लावणार नाही. पण कुंडीतलं, माणसानं वाढवलेलं असेल, तर नियमाने उपटून जाळावं लागतं. परत देता येत नाही. मग फोटो पुढे ठेवून विचारलं, हे तुमचंच ना?

मी चष्मा लावून फोटो पाहिला. सांगितलं, माणूस माझा, पण झाड ते नव्हे. ते ह्यांच्या मागोमाग वाळून मेलं. भाऊ म्हातारा झालाय, शिक्के मारत सुटतो. क्रमांक ३१७ मी ओळखत नाही, असं लिहून शिक्का उठवला.

साहेबांनी टोपी काढली आणि त्या झाडासाठी मान लववली. गाव केवढं, तुला ठाऊक आहे. संध्याकाळी मिनेको सात बायका घेऊन, उदबत्ती आणि मोचीचे तांदळाचे गोळे घेऊन समाचाराला आली. कुणाला हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, एकेचाळीस वर्षांची सोबत होती, वाईट वाटणारच.

हे गेले तेव्हा चारचौघांत माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. पाहुण्यांचा चहा बघत होते. काल मात्र त्या आठ जणींसमोर, एका जिवंत झाडासाठी, हमसून हमसून रडले. त्यांनी मला धरून ठेवलं.

माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई